रविवारी दहा ते एक

आमच्या वसाहतीत त्याला सगळे भोंगा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नावही असणारच, पण ते कुणाला विचारावंसं वाटलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाची एक निळी गाडी होती, मागचं दार दोरीनं बांधलेली, टपावर कर्णा बसवलेली. पाणी जाणार असलं की भोंगा ती गाडी घेऊन गल्लीगल्लीतून फिरायचा. आधी एक बटण दाबायचं, त्यातून तीन सूर वाजायचे, चढत गेलेले आणि मग एकदम पडलेले. मग आवाज: “सर्व नागरिकांना कळविण्यात येते की…”

पुढचं कुणी ऐकत नसे. ऐकायची गरजच नव्हती. तीन सूर वाजले की बाई हातातलं टाकून मोरीकडे धावायची, म्हातारा माणूस दाढी अर्धी सोडून बादली नळाखाली सरकवायचा. कधी, किती वेळ, एवढंच खिडकीतून ओरडून विचारायचं. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. त्या गाडीतून पाण्याशिवाय दुसरं काही कधी बोललंच गेलं नव्हतं.

कर्ण्यातून येणारा त्याचा आवाज भरदार होता, एखाद्या उंच, रुंद छातीच्या माणसाचा वाटावा असा. प्रत्यक्षात तो बारीक आणि थोडा वाकलेला, आणि तोंडचा आवाज इतका हलका की दुकानात त्याला दोनदा मागावं लागे. दोन आवाजांची दोन माणसं एका अंगात राहत होती आणि त्यांची आपसांत फारशी ओळख नव्हती, असं त्याच्याकडे बघून वाटायचं.

पंपघराच्या मागे दोन खोल्यांत तो आणि त्याची थोरली बहीण राहत. भावोजी गेल्यावर ताई इथं आली, की तो ताईकडे आला, हे आता दोघांनाही नीट आठवत नसावं. ताईनं नोंदणी कार्यालयात नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर वसाहतीच्या मंडळानं तिला अध्यक्ष केलं, कारण दुसरं कुणी उभं राहिलं नाही. भोंग्याची प्रत्येक घोषणा तीच लिहून द्यायची. तो लहानपणापासून शब्दांना बिचकायचा. समोर लिहिलेलं असलं तर दणदणीत वाचेल. कागद काढून घेतला तर तोंड उघडं आणि आत काही नाही. “तुला बोलायला काय सांगितलंय? वाच फक्त,” ताई म्हणायची, आणि तो वाचायचा. त्याचं उभं आयुष्य असं दुसऱ्याच्या अक्षरात चाललेलं होतं, आणि त्यात त्याला काही कमी वाटत नव्हतं.

आता भिंतीचं सांगायला हवं. मैदानाची कुंपणभिंत पाडायची की रंगवायची, यावर मंडळाची वार्षिक सभा झाली. सभा कसली, बाजार. कुणीही कधीही उठत होतं. इस्त्रीवाला टेबलावर चढला, शिंपीणकाकूंच्या नवऱ्यानं माइकची वायर उपटली, ताई घंटी वाजवत राहिली आणि घंटीचा आवाज कुणाच्याच कानात शिरेना. शेवटी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही बाजू जिंकल्या असं समजून घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात एकाच सकाळी रंगारी आले आणि पाडणारेही आले. दोघांनी दोन टोकांनी काम सुरू केलं. ती भिंत अजून तशीच आहे. अर्धी पिवळीधमक, अर्धी विटांचा ढीग. ठरलं काय होतं, हे आजही कुणाला विचारलं तर तो थोडा थांबतो.

ताईनं ते मनाला लावून घेतलं. मग एका सकाळी चहा गाळताना म्हणाली, “मी यांना शिकवणार आहे.”

“काय?” भोंगा म्हणाला.

“सभा कशी चालवायची ते. ठराव म्हणजे काय, अनुमोदन म्हणजे काय, कुणी कधी बोलायचं, हात कधी वर करायचा. एक रविवार. दहा ते एक. चहा मंडळाचा.”

“येतील?”

“आले तर आले. नाही आले तर मी लेकीकडे जाते. कायमची. तिनं तिकडे माझी खोली तयार ठेवली आहे, मंगळवारी न्यायला येते म्हणाली आहे. मीच अजून हो म्हटलेलं नाही.”

भोंग्यानं कप खाली ठेवला. काय बोलायचं हे ज्या व्यक्तीला विचारायचं ती व्यक्तीच जायचं म्हणत होती. ताई गेली तर सकाळी कागद कोण देणार? आणि पाण्याचं एक वेळ कार्यालय लिहून देईल, पण बाकीचं? दुकानदाराला काय म्हणायचं, शेजारी वारल्यावर त्याच्या मुलाला काय म्हणायचं, हे सगळं ताई दारात उभी राहून हळूच सांगायची. रिकाम्या दोन खोल्यांत आपण आणि आपली जीभ, एवढंच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि ते बघायला त्याला भीती वाटली.

“मी गाडीतून सांगतो,” तो म्हणाला.

“पंपवाल्याला विचार आधी. गाडी त्याच्या ताब्यात असते.”

पंपवाल्यानं तंबाखू मळत ऐकून घेतलं. “सभेबद्दल सभा? चांगलंय. जाता जाता सांग. पण डिझेल जास्त जाळू नकोस, मला वर उत्तर द्यावं लागतं.”

ताईनं कागद लिहून दिला. भोंग्यानं गुरुवारी गाडी काढली. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं नेहमीसारखं बटण दाबलं. तीन सूर. मग भरदार आवाज:

“सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, सभा शिस्तीत कशी चालवावी या विषयावरील प्रशिक्षण रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत वसाहतीच्या सभागृहात आयोजित करण्यात आले आहे. सर्वांनी उपस्थित राहावे.”

खिडक्या उघडल्या. भोंग्याला विश्वास बसेना. वरच्या मजल्यावरून शिंपीणकाकू अर्ध्या बाहेर आल्या.

“कधी रे भोंग्या?”

“रविवारी, काकू! दहापासून!”

“किती वेळ?”

“एकपर्यंत! ताई म्हणतेय, लांबूही शकतं!”

“मेलं नेमकं रविवारी!” काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

समोरचा इस्त्रीवाला दुकानातून ओरडला, “नक्की ना? का मागच्या वेळेसारखं ऐनवेळी रद्द?”

“नक्की! काही झालं तरी होणारच!”

इस्त्रीवाल्यानं मान डोलावली आणि कोपऱ्यातला पिंप ओढून पुढे आणला. भोंग्यानं ते पाहिलं, पण दुकानदार पिंप हलवणारच, त्यात काय.

शुक्रवारी आणि शनिवारीही तसंच झालं. जिथं जावं तिथं लोक दारात येत, वेळ विचारत, “बरं झालं सांगितलंस” म्हणत. एका म्हाताऱ्या बाईंनी तर त्याला थांबवून लाडू दिला. भोंगा घरी येऊन ताईला सगळं सांगे, तुटक तुटक, शब्द शोधत. “सगळे विचारतायत, ताई. एकूण एक घर. किती वेळ, किती वेळ, हेच.”

“किती वेळ का विचारतात?” ताई म्हणाली. “विषय काय, हे नाही विचारत?”

भोंगा विचारात पडला. “विषय मी सांगतोच की आधी.”

ताईच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं. शनिवारी संध्याकाळी तिनं सभागृहाच्या खुर्च्या स्वतः पुसल्या आणि कमी पडतील म्हणून शाळेतून बाकं आणवली. लेकीचा फोन आला तर म्हणाली, “रविवार होऊ दे, मग सांगते.” भोंगा बाकं ओढत होता. इतकं सगळं जमून येतंय, तरी आपल्याला काय खटकतंय, हे त्याला कळत नव्हतं. लोकांचे चेहरे त्याला आठवत होते. कार्यक्रमाला यायचं ठरवलेल्या माणसांचे नसतात तसे, जरा वैतागलेले. पण शिकायला जाणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो, हे तरी त्यानं कुठं पाहिलं होतं?

रविवारी दहाला सभागृहात कुणी नव्हतं.

ताई पुढच्या टेबलामागे बसली होती. समोर रांगा, त्यांच्यामागे शाळेची बुटकी बाकं. चहाचं मोठं पातेलं झाकलेलं. भोंगा दारात उभा राहून रस्ता बघत होता. रस्ताही रिकामाच होता, आणि रविवारी सकाळी तो एवढा रिकामा कधी नसतो. घराघरांतून भांडी आपटल्याचे आवाज तेवढे येत होते.

“तू नक्की रविवारच म्हणालास ना?” ताईनं विचारलं.

“हो.”

“कागदावर होतं तसंच?”

“तसंच.”

ताईनं मान हलवली. रागावली नाही, हेच भोंग्याला सहन झालं नाही. तिनं चष्मा काढून ठेवला. “असू दे. मंगळवारी यायला सांगते तिला.”

भोंगा चहाच्या पातेल्याचं झाकण उगाच नीट बसवू लागला.

तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. सगळ्यात पुढे शिंपीणकाकू, हातात रिकामी कळशी. मागे इस्त्रीवाला, त्याच्यामागे अर्धी गल्ली, आणि मग दुसऱ्या गल्लीतली माणसं, कुणाच्या डोक्याला साबण, कुणी टॉवेल गुंडाळलेला. ती वरात थेट सभागृहात शिरली.

“कुठाय तो भोंगा?” काकूंनी कळशी टेबलावर आदळली. “दहा म्हणालास आणि नऊलाच गेलं! माझी कपड्यांची पहिली खेप साबणात बसलीय.”

“काय गेलं?” भोंगा म्हणाला.

“काय गेलं म्हणे! पाणी गेलं, पाणी!”

मागून पंपवाला धापा टाकत आला. “अहो, मी बंद केलेलंच नाही! चावीला हात लावला नाही मी. सकाळी सातपासून सगळ्या वसाहतीनं एकदम नळ सोडले, टाकी तळाला गेली. मला वाटलं पाइप फुटला कुठं. तुम्ही सगळे भरत कशाला होतात?”

“हा सांगून गेला ना तीन दिवस ओरडून! रविवारी दहा ते एक पाणी नाही.”

“मी कुठं म्हणालो?” भोंगा म्हणाला, पण ते त्याच्या घरच्या आवाजात होतं आणि गलक्यात ते कुणापर्यंत पोचलं नाही. चहूबाजूंनी बोटं त्याच्यावर रोखलेली. काकूंच्या नवऱ्यानं एक खुर्ची उचलली, बसण्यासाठी नक्कीच नाही.

तेव्हा ताई उभी राहिली. तिनं चष्मा घातला.

“खुर्ची खाली,” ती म्हणाली. मोठ्यानं नाही. “सगळ्यांनी बसा. एवढे आलाच आहात.”

आता लोक का बसले, हे सांगणं कठीण आहे. कदाचित बाकं समोर होती म्हणून. कदाचित सकाळपासून बादल्या उचलून पाठी दुखत होत्या म्हणून.

“तक्रार आहे ना? मग ती अध्यक्षांपुढे मांडा.”

“अध्यक्ष कोण?” इस्त्रीवाला म्हणाला.

“मंडळाची मी आहेच, पण या सभेचा अध्यक्ष आधी ठरवायचा असतो. कुणीतरी नाव सुचवा.”

“तुम्हीच व्हा आता, बाई, डोक्याला ताप नको!”

“ही सूचना झाली. अनुमोदन?”

कुणाला काय करायचं कळेना. शेवटी साबण लावलेल्या माणसानं हात वर केला, डोळा चुरचुरत होता म्हणून की काय देव जाणे, पण ताईनं ते अनुमोदन धरलं.

“आता ठराव मांडा.”

“ठराव असा की,” पंपवाला उभा राहिला, “या भोंग्यामुळे टाकी रिकामी झाली.”

“हे झालं म्हणणं. ठराव म्हणजे आता काय करायचं ते.”

पंपवाला बसला. मग उठला. “करायचं काय… याच्या गाडीतून यापुढे एक अक्षर बोललं जाऊ नये.”

“अनुमोदन,” काकू म्हणाल्या. तो शब्द त्यांना आवडलेला दिसला.

ताईचा हात टेबलावर होता. तो क्षणभर मिटला. मग ती म्हणाली, “ज्याच्याविरुद्ध ठराव आहे, त्याला आधी बोलायची संधी. बोल.”

भोंगा पुढे आला. ताईनं माइक त्याच्याकडे सरकवला. सगळी वसाहत समोर बसलेली, आणि हातात कागद नाही. त्यानं ताईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती; अध्यक्ष बघतात तशी सगळ्यांकडे बघत होती. त्याचं तोंड उघडलं आणि जे एकच वाक्य त्यात कायमचं मुरलेलं होतं, ते बाहेर आलं.

“सर्व नागरिकांना कळविण्यात येते की…”

मागे हशा उसळला. भोंगा थांबला. मग, दुसरं काही सुचत नाही म्हणून, पुढचंही बोलला. “सभा शिस्तीत कशी चालवावी या विषयावरील प्रशिक्षण… रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत… वसाहतीच्या सभागृहात…” तीन दिवस म्हटलेलं सगळं, कर्ण्यातल्या त्या भरदार आवाजात, शेवटच्या शब्दापर्यंत.

हशा विरला. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“हे म्हणाला होतास तू?” इस्त्रीवाल्यानं विचारलं.

“हेच.”

“मग पाण्याचं कोण म्हणालं?”

जो तो आठवत होता. सूर सगळ्यांना आठवत होते, आणि दहा ते एक आठवत होतं. मधली जागा कोरी होती.

“अगं बाई,” मागच्या बाकावरून एक आवाज आला, “म्हणजे ते हेच की. इथंच. आत्ता.”

पण ठराव मांडला गेलेला होता, आणि ताईच्या म्हणण्याप्रमाणे मांडलेला ठराव हवेत सोडता येत नाही. इस्त्रीवाल्यानं दुरुस्ती सुचवली: पाण्याशिवाय काही बोलू नये. काकूंनी त्या दुरुस्तीला दुरुस्ती सुचवली: बोलावं, पण पाण्याचे सूर वेगळे आणि बाकीचे वेगळे. पंपवाला म्हणाला, मूळ ठराव माझा आहे, त्याला हे लोक ठिगळं का लावतायत? ताईनं समजावलं, आधी दुरुस्तीच्या दुरुस्तीवर मत, मग दुरुस्तीवर, मग ठरावावर. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणालाच काही समजलं नाही. हात वर झाले तेव्हा काहींनी दोन्ही वेळा वर केले, एकानं दोन्ही हात. बाजूनं किती, विरुद्ध किती, ताईनं पुन्हा मोजले, पुन्हा तेच: सारखे.

“आता अध्यक्षांचं जादा मत,” काकू म्हणाल्या. हे त्यांना कुठून माहीत, कोण जाणे.

“तो माझा भाऊ आहे,” ताई म्हणाली. “मला मत देता येत नाही. मी खुर्ची सोडते. दुसरं कुणीतरी या.”

ती बाजूला झाली. रिकाम्या खुर्चीकडे सगळे बघत राहिले. इस्त्रीवाल्यानं पंपवाल्याला ढोसलं, पंपवाल्यानं मान वळवली. ज्या खुर्च्या ही माणसं एकमेकांवर उचलत आली होती, त्यांतल्या या एका खुर्चीला आज कुणी हात लावेना. भोंगा माइकपाशी तसाच उभा. आपण दोषी आहोत की नाही, आपली गाडी चालणार की नाही, सुटलो की अडकलो, त्याला काहीच कळत नव्हतं; आणि गंमत म्हणजे समोरच्या कुणालाही ते कळत नव्हतं. इतक्या लोकांबरोबर एकाच वेळी गोंधळलेला असणं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

एक वाजून गेला. सभागृहाला कुलूप लावणारा किल्ल्या खुळखुळवायला लागला.

“मग आता?” पंपवाला म्हणाला.

“सभा तहकूब,” ताई म्हणाली. “पुढच्या रविवारी इथूनच पुढे चालू. तोवर निर्णय नाही, म्हणून तोवर गाडी निघणार नाही. आणि पुढच्या वेळी त्या खुर्चीवर कोण बसणार, ते विचार करून या.”

“तुम्हीच,” काकू म्हणाल्या. “मत देऊ नका हवं तर. पण बसा तुम्हीच. तुम्ही नसता तर आम्ही बारा वाजताच एकमेकांची डोकी फोडली असती.”

“अनुमोदन,” साबणवाला म्हणाला. साबण केसांत वाळून गेला होता.

चहा प्यायला कुणी थांबलं, कुणी गेलं. ताईनं कोपऱ्यात जाऊन लेकीला फोन लावला. भोंग्याला एवढंच ऐकू आलं: “नाही गं, मंगळवारी नको. सभा अर्धी राहिलीय. अर्धी सभा टाकून अध्यक्षाला जाता येत नाही… पुढचं पुढे बघू. आत्ता काय सांगू?” पुढचं पुढे, म्हणजे एक आठवडा की जास्त, हे विचारावं असं त्याला वाटलं. तो रिकामे कप गोळा करू लागला. आठवडा तर आठवडा.

बुधवारी ताईच्या लक्षात आलं की जे रविवारी नव्हते, त्यांना तहकूब सभेचं कसं कळणार? नियमानं नवी सूचना लागत नाही, ती म्हणाली, पण भिंतीच्या वेळीही आपण नियमानंच वागलो असं सगळ्यांना वाटत होतं. गाडी काढता येत नव्हती. मग दोघं पायीच निघाले. ती एका बाजूची दारं घेणार, तो दुसऱ्या.

“कागद?” भोंग्यानं हात पुढे केला.

“कागद कशाला? रविवारी सभा आहे, या, एवढंच तर सांगायचंय,” ताई म्हणाली आणि समोरच्या जिन्यात शिरलीसुद्धा.

भोंगा पहिल्या दारासमोर उभा राहिला. आत कुणीतरी भांडी घासत होतं. त्यानं कडी वाजवली, हळू, मग जरा जोरात. एक अनोळखी बाई दार उघडून, हात पदराला पुसत त्याच्याकडे बघत राहिली.

“मी,” तो म्हणाला, आणि घरच्या, हलक्या आवाजात पुढचा शब्द शोधायला लागला. बाई थांबली होती.